तिसरा गर्डर

पंचवीस मीटरचा एकच गाळा,
देगलूरच्या अलीकडे, लेंडी नदीवर.
एका टोकाखाली स्थिर बेअरिंग, दुसऱ्याखाली सरकतं,
कारण मे महिन्यात काँक्रीटही लांबतं
आणि त्याला कुठंतरी जाऊ द्यावं लागतं.

नांदेडच्या ऑफिसात, पंख्याखाली, मी लिहिते:
भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले आठ.
हा आठ इतक्यांदा लिहिलाय
की पेन आपोआप वळतो.
मधोमध वाकणं सगळ्यात जास्त, टोकांना शून्य.
टोकांना वाटतं, सुटलो.
कातर मात्र सगळी तिथंच येऊन बसते,
म्हणून रिंगा तिथं दाट,
मधे विरळ.

संहितेत एक सत्तर टनी गाडी आहे.
ती मी कागदावरच्या पुलावरून शंभरदा नेली,
मधून, बाजूनं, कठड्याला जवळजवळ घासून.
संहितेत हळदीची पोती नाहीत,
ऐन मधे बंद पडलेला टेम्पो नाही,
त्याच्यामागं खोळंबलेली वरात,
नाचायचं न थांबवणारे नवरदेवाचे मामा नाहीत.
त्यांना मी त्या सत्तरातच बसवलं.
बसले.

गर्डर चार. अडतीस टनांचा एकेक.
नंबर नकाशाचे, ओतायचा क्रम साइटवरचा,
म्हणून तिसरा आधी ओतला.
इस्माईल मिस्त्रीनं साच्याला तेल लावलं
तव्याला लावतात तसं, चिंधीच्या बोळ्यानं.
गयाबाई दिवसातून चारदा गोणपाट भिजवायची,
कडेचं आधी, कारण कड लवकर सुकते.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग केबल ताणल्या.
आवाज फारसा होत नाही,
जॅकची सुई चढते, माणसं बाजूला होतात
आणि गर्डर मधनं उचलतो,
बोटभर,
जो भार अजून आलाच नाही
त्याच्या उलट दिशेला.

त्यानंतर बिल अडकलं.
सात महिने साइटवर तो एकटा.
पल्लेवाड इंजिनियर महिन्यातून एकदा फोटो पाठवायचे,
फोटोत गर्डर, गवत, एखादी शेळी.
पैसे सुटले तेव्हा बाकीचे तीन ओतले.

चौघं बेअरिंगवर बसल्यावर दोरी धरली.
एक, दोन, चार: एकवीस मिलिमीटर.
तीन: अडतीस.
गणितात हे होतं. काँक्रीट दाबात राहिलं
की हळूहळू सरकत जातं,
आणि हा सात महिने जास्त दाबात होता.
गणितात असूनही मी पुन्हा मोजलं.

गयाबाई आली, दोरीखालून वाकून बघितलं.
"म्याडम, ह्यो कामून फुगला?"
पडून राहिला ना सात महिने, मी म्हणाले. बिल अडकलं होतं.
ती हसली.
"बिल तर आमचंबी अडकलं व्हतं.
आमी कामून नाई फुगलो?"

इस्माईल मिस्त्री दुसरीकडं बघायला लागला.
मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

बाकी तिघांवर सतरा मिलिमीटर जादा काँक्रीट.
त्याचं वजन धरून रात्री लॉजवर
पुन्हा आठानं भागलं. चाललं.

भारचाचणीच्या दिवशी खडी भरलेले ट्रक
चोवीस तास पुलावर उभे ठेवले.
मी खाली, कोरड्या पात्रात, डायलपाशी.
आधी वाकला. ट्रक हटल्यावर परत आला,
सगळा नाही, थोडं ठेवून घेतलं त्यानं.
संहिता शंभरातले पंधरा सोडून देते.
त्याला आठच लागले.

आता वरून सपाट डांबर.
कुठं काय आहे कळायची सोय नाही.
गयाबाई डबा घेऊन पलीकडं निघाली होती,
थोडी डावीकडं सरकली,
टाच दोनदा आपटली.
"ह्योच ना त्यो?"

मी कठड्यापासून अंतर मोजलं.
तोच होता.