चालत गेलेले किलोमीटर

कागदावर सव्वीस नावं, पुढे किलोमीटरमागचे रुपये:
मोमीन टेलर दहा, पोस्टातल्या वाघमारे बाई पाच,
मेसवाला दोन, "पोचलास तर."
रक्तपेढीच्या फ्रीजसाठी
अंबाजोगाई ते परळी, आणि परत.

जाताना उतार. फुकटचे पैसे.
मी ओरडत गेलो, उगीचच.

परतीला घाट.
राखेचे टिप्पर घासून जातात, दातांत करकर येते,
मेव्हण्याच्या सायकलचा दुसरा गिअर
आपल्या मनाने चौथ्यावर उडी मारतो.
नववीतली एक पोरगी
"काका, डावीकडून" म्हणत पुढे निघून गेली.
वळणावर मी उतरलो.
तिथून तीन किलोमीटर नुसतं ढकलणं.

संध्याकाळी शिलाई मशीनवर कागद पसरून विचारलं,
भाई, हे तीन धरायचे का?
मोमीनभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.
"सायकल टाकून आलतास का?"
नाही.
"मग तिला बी तूच आणलंस. तिचे येगळे लाव."

तीस रुपये जास्तीचे.
मेसवाल्याला सांगितलं, तर वरण वाढता वाढता म्हणाला,
शिंपी हाय त्यो,
माप सढळच घेतो.