हातनं

मष्णू घाडी म्हणाला, "कौल माज्या हातनं पडलं."
एवढंच. पिंजऱ्याचं लाकूड धरून.
टंकलेखक थांबला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
बेळगावच्या सेशन कोर्टात मी दुभाष्या,
बावीस वर्षं मराठीतलं कन्नडात ओततोय,
थेंब न सांडता, असं मला वाटायचं.

नंदगडच्या अलीकडचं गाव. दोन घरं, मध्ये हातभर बोळ.
मष्णूच्या पागोळ्या रुद्राप्पाच्या भिंतीवर,
चार वर्षं तेच भांडण, पाणी कुणाचं आणि ओल कुणाची.
मे महिन्यात मष्णू कौलं परतायला चढला.
रुद्राप्पा बोळात येऊन वाकला,
चप्पल उचलायला, की बादली, की खुंटा
(साक्षीदार तीन, वस्तू तीन),
आणि खानापूरच्या भट्टीतलं अडीच किलोचं कौल
त्याच्या मानेवर.

सरकारी वकील बोटं मोडत होते:
कृत्य आहे, मृत्यू आहे,
कौलही आहे, मुद्देमाल क्रमांक चार,
दोन तुकडे, फडक्यात, लाखेचं सील.
मन तेवढं पंचनाम्यात सापडत नाही.
मारायचंच होतं, तर तीनशे दोन.
मरेल हे ठाऊक होतं, तर तीनशे चार.
खाली बघायला हवं होतं आणि बघितलं नाही,
तर त्याच आकड्यापुढे एक 'अ',
फार तर दोन वर्षं.

आपल्या भाषेत एक सोय आहे.
मी टाकलं, मी पाडलं, म्हणता येतं.
नुसतं पडलं, असंही, जसं काही कौलालाच वाटलं.
आणि या दोन्हींच्या मधे हातनं:
हात माझा, काम माझं नव्हे.
कप फुटतो हातनं, आमटीत मीठ जास्त पडतं,
पाप घडतं तेही हातनंच.

'नन्न कैयिंद बित्तु' म्हणालो असतो,
शब्दाला शब्द. त्यात हात दिसला असता.
मी म्हणालो, 'कै तप्पि बित्तु'.
हात चुकून. चूक त्या शब्दातच बसलेली.

मग धमकी. आदल्या दिवशी चावडीपुढं
तो ओरडला होता, "बघून घेतो तुला!"
'नोडिकोळ्ळुत्तेने', मी सांगितलं, अगदी सपाट आवाजात.
आजारी आईबद्दलही कन्नडात असंच म्हणतात, सांभाळीन मी.
शब्दकोश काढा, मी निर्दोष आहे.

निंगव्वा, रुद्राप्पाची बायको, दुसऱ्या बाकावर होती.
तिची साक्ष कन्नडात झालेली,
तिला माझी गरज लागली नव्हती.
पण ती त्याच बोळातली,
मष्णूच्या आईशी नळावर मराठीत भांडून मोठी झालेली.
'तप्पि' कानावर पडलं तशी तिनं मान वर केली
आणि आरोपीकडे नाही,
माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.
वकिलांनी हरकत घेतली नाही.
तिला ती घेता येत नव्हती.

निकाल 'अ' चा लागला.
त्या रात्री मी स्वतःलाच कलमं लावून बघितली.
उद्देश? नाही, शपथेवर सांगतो.
जाणीव, इथवर आलो आणि लाईट गेली.
मेणबत्ती शोधण्यात ते राहून गेलं,
ते आजतागायत.

सहा वर्षांनी खानापूरच्या स्टँडवर
कुणीतरी "सायेब" म्हणत आडवा आला.
केस पांढरे, हातात विड्यांचं पुडकं.
"तुमच्या हातनं पुण्य झालं बगा,"
आणि माझ्या पायांशी वाकला.
समोर त्याची मान, उघडी.
मी आधी वर बघितलं.
पत्र्याचं छप्पर होतं.