दुसरी ब, ऐरोली

सोमवारी बाक मोजला वितींनी.
जुईलीच्या नऊ, हर्षिलच्या आठ,
माझ्या साडेपाच.
"बाई, मग बाक खरा केवढा?"
उद्या सांगते, म्हणाले.

मंगळवारी ओल्या कापसात मटकी निजवली
आणि विसरले.

बुधवारी पाऊण वर्ग खिडकीत.
खाडीच्या चिखलात रोहित उतरलेले;
दोनचा पाढा आम्ही
त्यांच्या गुलाबी पायांवरच पुरा केला.
एक जण एका पायावर उभा होता,
तिथे गणित चुकलं.

गुरुवारपासून हर्षिल नाही.
त्याच्या वाटीवर जुईली
आपल्या बाटलीतलं पाणी शिंपडायची,
कुणाला न सांगता.

शनिवारी आला, उजवा हात प्लास्टरमध्ये.
वाटीत डोकावला: शेपट्या!
मग डाव्या हाताने, अडखळत,
पुन्हा मोजला बाक. नऊ.
"बाई, हापण वाढला."

पट्टी मी कपाटातच राहू दिली.