रेघ

आरी निसटली, एवढंच.
रविवारी, चारच्या सुमाराला,
तळातून आरपार जाऊन डाव्या पोटरीत टेकली.
तिळाएवढा ठिपका. रक्तसुद्धा धड आलं नाही.
आप्पांनी थुंकी लावली आणि पुढचं भोक पाडलं.
पन्नास वर्षांत अशा कितीतरी लागल्या असतील.
कातड्याचा धंदा, कातड्यानंच भरायचा, म्हणायचे.

सोमवारी जरा लंगडले.
रात्री मात्र कण्हायला लागले.
तातोबा सातपुते, ज्यांनी दाढ उपटताना
डॉक्टरलाच "दमानं घ्या, घाई न्हाई" म्हटलेलं,
ते उशी चावत होते.

दिवा लावून बघितलं:
पोटरी जराशी लाल, जराशी तट्ट. बस्स.
शेजारची आक्का म्हणाली, लचक असंल, हळद-चुना लाव.
मेडिकलवाल्याची गोळी दुपारीच पोटात गेली होती.
पण जखम तिळाची आणि कळ डोंगराची,
हे माप मला जुळेना.
मी वेण्या घालते चपलांच्या,
माप चुकलं की आधी बोटांना कळतं.
कपाळाला हात लावला, तवा.
इस्माईलची रिक्षा उठवली.

सुभाषनगर ते सीपीआर, रस्ते मोकळे,
प्रत्येक गतिरोधकाला आप्पांचा एक हुंकार.

डॉक्टर नेजदार माझ्याहून लहान असतील.
खिशातलं निळं बॉलपेन काढून
त्यांनी लालीच्या कडेकडेनं रेघ ओढली
आणि कातड्यावरच वेळ लिहिली: दोन चाळीस.
आम्हीपण असंच आखतो,
कापायच्या आधी.
"हिच्यावर नजर ठेवा," म्हणाल्या.
सलाईनमधून औषध सुरू झालं, रक्त गेलं तपासायला.
मी नजर ठेवली.

तीन वीस.
लाली रेघ ओलांडून बोटभर पलीकडे.
मधोमध शिळ्या वांग्याचा रंग, कडेला पाण्याचे फोड.
आणि आप्पा म्हणाले, आता दुखत न्हाई.
मला हायसं वाटलं.
बाईंचा चेहरा उतरला.
त्यांनी अंगठ्यानं दाबलं, आत काहीतरी
कर्र वाजलं, कोऱ्या वहाणेसारखं.

"रिपोर्टची वाट नाही बघायची," त्या म्हणाल्या.
"वरचं कातडं फसवतं. हे खालून पळतंय.
क्वचित होतं, पण झालं की तासांवर हिशोब.
नुसत्या औषधानं नाही थांबायचं."
"किती कापणार?"
"ताजं रक्त येईल तिथपर्यंत."

आप्पांनी डोळे उघडले.
"बरोबर हाय बाई. कुजकं कातडं
कडेनं तासून भागत न्हाई.
चांगल्यात रापी घुसली पायजे.
कापा. हात तेवढा हलका ठेवा."

मंगळवारी पहाटे कापलं.
बुधवारी पुन्हा उघडलं, पुन्हा कापलं.
त्या दोन दिवसांत मी काय खाल्लं, कुणाशी बोलले,
आठवत नाही. दवाखान्याच्या फरशीचे
तुकडे मोजले होते, तेवढं आठवतं. आकडा नाही.
गुरुवारी बाई बाहेर आल्या, टोपी काढून
भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, आज आत सगळं लाल आहे.
सोमवारपासून मी त्याच रंगाला भीत होते.

पुढं मांडीचं कातडं सोलून,
वादीहून पातळ, जाळी पाडून, ताणून,
पोटरीवर बसवलं.
पट्टी बदलताना आप्पांनी मान उचलून तपासलं.
"टाका बरा हाय. खालची कड जुळली न्हाई."
बाई हसल्या. कड खरंच जुळली नव्हती.

गुडघ्याच्या वर एक दुसरी रेघ होती,
पहाटेच्या घाईत ओढलेली.
तिथवर ते पोचलंच नाही.
बरेच दिवस ती फिकी होत राहिली.
आप्पा आंघोळीला तेवढी जागा सोडायचे.

परवा आमच्या सुहासला आरी लागली, तळहाताला.
मी पेन शोधून आणलं.
आप्पा पाय ओढत आले, चष्म्यावरनं बघितलं.
"अगं, तिळाएवढं तर हाय."

मी वेळ लिहिली.