अठ्ठावीस दिवस

देवळीच्या एमआयडीसीत, शेड नंबर सातमध्ये
मी पाण्यात थेंब मोडते.
द्रावकात पॉलिमर, पॉलिमरात औषध,
आणि ते सगळं थंड पाण्यात, सुतासारख्या धारेनं.
वर पातं फिरतं, मिनिटाला चौदाशे फेरे.
ताक घुसळावं तसं,
पण इथे लोणी येऊ द्यायचं नसतं.
एकाला एक चिकटले की बॅच गेली.

तीन तासांत द्रावक उडतो.
गोडसर वास टोपीखालच्या केसांत राहतो.
थेंब आखडतो, कण होतो,
डोळ्याला पीठ;
सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येक वेगळा, गोल,
अंगावर बारीक भोकं.

कोवे मॅडम म्हणतात,
पहिल्याच दिवशी सगळं ओतून देणारा कण नापास.
आज थोडं, उद्या थोडं,
अठ्ठाविसाव्या दिवशीही थोडं.

मी मान डोलावते.
शालिक त्या वर्षी एका रात्रीत सगळं बोलला होता,
विहिरीशी, विजेच्या खांबाशी, बंद रेडिओशी,
मग पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एक शब्द नाही.
गोळ्या जिभेखाली धरायचा.
कुटार उपसताना सापडल्या,
पिवळ्या, एकशे बारा. मायनं मोजल्या.
"बैलानं खाल्ल्या असत्या," म्हणाली, एवढंच.

आता महिन्यातून एकदा, भिडीला, कमरेखाली सुई.
सिस्टर कुपी हलवते, दुधाळ होईस्तोवर.
ते कण माझे नसतील.
आमचा माल कुठे जातो, मला कोणी सांगत नाही.
तरी मी चाळणी दोनदा तपासते.

मागच्या खेपेला, स्टँडवर, चहा फुंकत त्यानं विचारलं,
"बाई, ते बारीक गोये आतच राह्यते काय?"
"नाही बा, विरघळते."
"मंग?"
"दह्यात आंबट असते ना, तसलं होते.
मग पाणी. बाकीचं श्वासावाटे जाते."

त्यानं तोंडापुढे तळहात धरला,
दोनतीनदा श्वास सोडून पाहिला.
"म्हंजे काईच नाई उरत."
"काहीच नाही."
"मंग हे बोलून कोन राह्यलं?"

माझ्याजवळ त्याचा रिपोर्ट नव्हता.
तेवढ्यात वर्धा गाडी लागली. गर्दी होती.
तो पुढे घुसला, आणि मी चढेपर्यंत
खिडकीजवळच्या सीटवर
त्याचा दुपट्टा टाकलेला होता,
माझ्यासाठी.