चाळीस मिनिटं, आवाजाविना

लंडनहून टेपांची पेटी निघायची विमानानं,
पुढे व्हॅननं, माळरान ओलांडून, आमच्या छावणीत.
म्हणजे जर्मनीत बसून आम्ही बघायचो
इंग्लंडमधला काल.
लीड्सचा पाऊस आमच्याकडे पडायचा
तिथले रस्ते वाळल्यावर.
तरी सार्जंट हॅलमची बायको ग्लेनिस
हवामानाचा नकाशा उभ्यानंच बघायची,
आईचं धुणं भिजलं असेल का, म्हणून.

मी प्रक्षेपणाच्या खोलीतला माणूस.
मशीनं दोन, किटली एक, खुर्चीचा एक पाय आखूड.
जाहिराती नसायच्या आमच्याकडे,
मधल्या फटीत मी पाट्या लावायचो:
उद्या सकाळी सहाला रणगाडे निघतील, मांजरं आत घ्या.
दंतवैद्य गुरुवारी नाहीत.
हरवला आहे: डावा हातमोजा, लाल, लहान मुलाचा.
ही पाटी आठवडाभर चालली,
आणि मोजा सापडला तेव्हा
लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मनोरा ठेंगणा. त्याचा पल्ला ठरवून दिलेला,
कुंपणापर्यंत.
पण कुंपणावरची पाटी लहरींना कुठे वाचता येते?
त्या शिरायच्या गावातही,
माझ्या घरमालकिणीच्या, फ्राउ इर्मट्राउट ल्यूडर्सच्या, बैठकीत.
तिच्या जर्मन संचावर आमचं चित्र उतरायचं. आवाज नाही.
आमचा आवाज चित्रापासून जेवढं अंतर राखून चालायचा
तेवढं तिच्या संचाला माहीत नव्हतं, इतकंच.
अकरा वर्षं तिनं इंग्रजांना
नुसती तोंडं हलवताना पाहिलं.
"तुम्ही चहा फार पिता," ती म्हणायची,
"आणि भांडता ते दारात उभं राहून."
मी खोडून काढायला गेलो.
जमलं नाही.

त्या हिवाळ्यात अर्धी बटालियन बेलफास्टला होती.
एका संध्याकाळी धुकं उतरलं, विमान उतरलं नाही.
राखीव टेप लावली, ती मशीननं चघळून टाकली.
माझ्या कामाचा एकच नियम मला झोपेतही पाठ:
पडदा काळा होऊ द्यायचा नाही.
काळा पडदा दिसला की बायका फोनकडे बघतात.

पाट्या टिपायचा कॅमेरा मी उचलला
आणि खिडकीकडे वळवला.

बर्फ.
रणगाड्यांच्या पाठींवर बर्फ.
बॉयलरवाला एकहार्ट फावड्यानं वाट काढतोय,
थांबतोय, नाक पुसतोय, पुन्हा काढतोय.
त्याच्यामागे क्वार्टर्सची रांग, पिवळ्या खिडक्या.
मायक्रोफोन खोलीत नव्हताच.

पहिला फोन आला, शिव्यांचा.
दुसऱ्यानं विचारलं, मॅचचं काय झालं?
(मॅच कालच संपली होती, निकाल मलाही ठाऊक नव्हता.)
तिसरा ग्लेनिसचा:
"जरा डावीकडे घ्याल? अजून. तिसरा मजला.
तो दिवा माझा का?
थांबा, घालवून बघते."

खिडकी विझली. खिडकी लागली.

मग तिच्या शेजारची.
मग खालच्या मजल्यावरची, दोनदा.
मग कोपऱ्यातली, जिथे कॉर्पोरल पेनरोजची बायको
आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती.
एकहार्टनं फावडं टेकवलं
आणि मान वर करून बघत राहिला,
त्याला काहीच सांगितलेलं नसताना.

चाळीस मिनिटांनी हानोव्हरहून एक जुनी टेप आली,
बागकामाची. ती लावली.

पुढच्या आठवड्यात मुख्यालयाचं पत्र आलं:
लष्करी आवाराचं विनापरवाना चित्रण, खुलासा द्यावा.
मी लिहिलं, धुकं.

पण त्याआधीची, दुसऱ्या दिवशीची सकाळ:
फ्राउ ल्यूडर्सनं पाव कापून माझ्यापुढे सरकवला.
"कालचं सगळं समजलं," म्हणाली.
"त्या फावडेवाल्याला सांगा, गुडघ्यातून वाक,
कंबर जाईल."
लोणी लावता लावता विचारलं,
"पुन्हा कधी आहे?"