शिवणीतून आलेलं पीस

कॅम्पातल्या इराण्णाच्या दुकानात
जॅकेटं टांगलेली, पोट फुगलेल्या रेड्यांसारखी.
लेबल इंग्रजीत, बिलबुक कन्नडात,
घासाघीस मराठीत.
"साडेसहाशे फिल पॉवर आहे, बाई.
लेहला काय, चंद्रावर पाठवा पोरीला."

साडेसहाशे काय?
ग्रॅम, मैल, की नुसतीच थाप,
त्यालाही ठाऊक नव्हतं.
मी ब्लाउज शिवणारी बाई,
मला आकडा इंचात कळतो.
म्हटलं, पैसे ठेव. तासाभरात दाखवून आणते.

दरबार गल्लीत दस्तगीर नदाफ
चाळीस वर्षं कापूस पिंजतो.
तात लावलेली धनुकली आता खुंटीला,
मशीन घरघरतं,
भुवयांवर मात्र तोच कापूस.

त्यानं जॅकेट आधी हातावर तोललं.
मग बाही मुठीत आवळली,
आवळली, चिंधीएवढी होईपर्यंत,
आणि सोडली.
आम्ही तिघं बघत बसलो.
चहा आला, तरी बघत बसलो.
निजलेलं पोर उठतं तशी ती उठली,
कुरकुरत.
"उठतंय की," तो म्हणाला.
"जेवढं उंच उठतंय, तेवढा तुझा आकडा."

मग कापड चिमटीत चोळत, आत काड्या शोधत:
"पीस दोन तऱ्हेचं, बघ.
एक पंखाचं. त्याला कणा. ते उडायला.
दुसरं छातीच्या कातड्यालगतचं,
त्याला कणाच नाही,
नुसते धागे, रुईच्या म्हातारीसारखे.
ऊब धरतंय ते हे.
कण्याचं नुसतं टोचतंय.
ह्यात दहात एखादी काडी असंल."
लेबलावर नव्वद-दहा छापलं होतं.
दस्तगीरला वाचता येत नाही.

कस्तुरीनं हात घातला आत.
"चाचा, पण हे तर गारच लागतंय!"

"ते कुठं गरम असतंय? गरम तू.
ह्यात हवा कोंडलीय, तिला हलता येईना झालंय.
ती तुझंच तुला परत देते.
माझ्या गादीत तरी निराळं काय?
लोक म्हणतात, नदाफ कापूस विकतो.
जन्मभर हवा विकली मी."

मी म्हटलं, भिजलं तर?
"तर चिखल. पाखरू पाण्यातलंच,
पण ते चोचीनं वरच्या पिसांना तेल चोळतंय.
तुझ्या कापडाला कोण चोळणार?
आणि पिशवीत दाबून ठेवू नको वर्षभर,
उठायचं विसरून जातंय."

परत गेलो. इराण्णा साडेसातवरून हलेना.
शेवटी मी म्हटलं, "कडिमी माड्री."
तो मराठीत म्हणाला, "बरं, सहा द्या."

रात्री ती बॅग भरत होती.
मी शिवण तपासली, सवयीनं.
एकेक चौकट वेगळी बंद केलेली.
नाहीतर सगळं पीस घसरून पोटाशी जमलं असतं
आणि खांदे उघडे पडले असते.
ज्यानं शिवलं त्याला हे कळत होतं.
बाहीत हात तसाच राहू दिला जरा वेळ.
आधी गार.
मग माझाच हात मला लागू लागला.

जानेवारीत तिचा निरोप आला:
"रात्री उणे अठरा. नाईट ड्यूटी.
काखेतल्या शिवणीतून एक पीस बाहेर आलंय. ओढू का?"

सायकल काढून दरबार गल्लीत गेले.
दस्तगीर गादीला दोरे घालत होता.
मान वर न करता म्हणाला,
"ओढू नको म्हणावं. एक ओढलं की
त्याच वाटेनं दुसरं येतंय.
मागल्या बाजूनं चिमटीत धर,
आणि आत घे."

तसंच लिहिलं तिला.
दोन निळ्या खुणा आल्या,
मग बराच वेळ काही नाही.
मशीनवर ब्लाउज अर्धा होता,
हुक लावायचे राहिले होते.